इंजिन ऑइल ‘बदलायचं’ कधीपासून सुरू झालं?

आजचा विषय हात काळे करणारा आहे. घरच्या घरी बाइकचं इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलणं. पण हा ‘कसं करायचं’वाला एपिसोड नाही, तसले व्हिडिओ ढिगाने आहेत. मी दिवसभर कोड लिहितो आणि या धंद्यात एक सवय लागते. जुन्या कोडमधली एखादी ओळ विचित्र वाटली, की ती कधी आणि कशासाठी आली ते शोधायचं. ऑइल चेंजच्या बाबतीत मी तेच केलं. ड्रेन बोल्ट, फिल्टर, डब्यावरची ती अगम्य अक्षरं, या प्रत्येकाला एक तारीख आणि एक कारण आहे.

पहिली गंमत ही, की सुरुवातीच्या मोटरसायकलींचं ऑइल कुणी बदलायचंच नाही. 1907 साली ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर प्रसिद्ध टीटी शर्यत सुरू झाली. त्या काळातल्या गाड्यांवर ऑइलसाठी हातपंप असायचा. चालवणाऱ्याने दर काही मैलांनी तो दाबायचा, की थोडं तेल इंजिनात जायचं. चढ लागला की आणखी एकदा. मागे धूर किती निघतोय ते बघून अंदाज घ्यायचा. गेलेलं तेल काही जळायचं, उरलेलं गळून रस्त्यावर पडायचं. या पद्धतीचं इंग्रजी नावच ‘टोटल लॉस’. जुनं तेल साठतच नव्हतं, मग बदलणार काय?

आणि तेल तरी कोणतं? चार्ल्स वेकफिल्ड यांनी 1899 मध्ये तेलाची कंपनी काढली आणि 1909 मध्ये तिने ‘कॅस्ट्रॉल’ बाजारात आणलं. त्या नावातलं ‘कॅस्टर’ म्हणजे आपलं एरंडेल! हो, आजी पोट साफ करायला द्यायची तेच. उष्णतेत एरंडेलाचा थर चांगला टिकतो, म्हणून शर्यतीच्या गाड्या आणि पहिल्या महायुद्धातली विमानं ते वापरायची. तोटा एवढाच, की काही काळाने ते चिकट होऊन बसतं. जमिनीतून काढलेलं खनिज तेल स्वस्त होतं, पण डब्यागणिक दाटपणा वेगळा. म्हणून 1911 मध्ये अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने दाटपणाला नंबर दिले. आजच्या डब्यावरचं 10डब्ल्यू-30 हे त्याच पद्धतीचं पुढचं रूप. त्यातला ‘डब्ल्यू’ विंटरचा, म्हणजे थंडीत तेल किती पातळ राहतं त्याचा.

खरा बदल झाला तो पंपामुळे. इंजिनात गेलेलं तेल खेचून परत टाकीत आणायचं आणि पुन्हा फिरवायचं. अमेरिकेतल्या ‘इंडियन’ कंपनीने 1933 मध्ये आणि हार्ले-डेव्हिडसनने 1936च्या ईएल मॉडेलमध्ये ही पद्धत घेतली. तेल वाया जाणं थांबलं. पण तेल परत यायला लागलं तशी त्यातली घाणही परत यायला लागली. काजळी, धातूचा कीस, न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ. आता ते कधीतरी काढून टाकणं भागच होतं. म्हणजे बघा, ऑइल चेंज हे काम ऑइल वाचवण्याच्या युक्तीतून जन्माला आलं.

घाण अडवायचा उपाय मोटारींच्या जगात आधीच आला होता. 1923 मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड या अमेरिकन माणसाने ऑइल फिल्टर तयार केला. त्याचं नाव ‘प्युरोलेटर’, ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांवरून जोडलेलं. मग 1930च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा चिकटून बसायला लागल्या, आणि त्यावर तोडगा म्हणून तेलात डिटर्जंट घालणं सुरू झालं. डिटर्जंट काजळीला एका जागी साचू देत नाही, तरंगत ठेवतं. त्यामुळे ऑइल काळं दिसलं की ‘खराब झालं’ असं जे आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे. काळं ऑइल म्हणजे बऱ्याचदा आपलं काम करत असलेलं ऑइल. बदलायचं ते मॅन्युअलमधल्या किलोमीटरप्रमाणे किंवा महिन्यांप्रमाणे, रंगावरून नाही.

आता आपल्याकडे येऊ. बुलेट पहिल्यापासून फोर-स्ट्रोक, त्यामुळे बुलेटवाल्यांना ऑइल बदलणं माहीत होतं. जुन्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचकडचा चेनकेस अशा तीन ठिकाणी वेगवेगळं तेल. पण बाकी जनता कशावर होती? राजदूत, जावा, येझदी आणि 1972 पासून आकुर्डीत बनलेली बजाज चेतक. सगळ्या टू-स्ट्रोक. गिअरबॉक्सचं तेल वेगळं, पण इंजिनाचं ऑइल पेट्रोलबरोबर जाऊन जळायचं. तुमच्या घरात चेतक असेल तर बाबांना विचारा. पेट्रोल पंपावर मापाने टूटी ऑइल घ्यायचं आणि मागे निळसर धूर सोडत निघायचं. म्हणजे परदेशात टोटल लॉस संपून दशकं उलटली, तरी आपल्या एका अख्ख्या पिढीची गाडी ऑइल जाळूनच चालत होती. तो धूर इतका वाढला, की 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिल्लीत सुट्टं टूटी ऑइल विकण्यावर बंदी घालावी लागली.

मधल्या काळात, 1985 मध्ये, हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक. जाहिरात आठवते ना, ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’? पेट्रोल विसरा, ठीक आहे. पण इंजिन ऑइल विसरून चालणार नव्हतं, कारण आता ते जळत नव्हतं, आत फिरत होतं. तेही जेमतेम लिटरभर, आणि तेवढ्यातच इंजिन, क्लच आणि गिअर तिघांचं भागवायचं.

म्हणूनच कारचं ऑइल बाइकमध्ये ओतू नका असं सांगतात. 1990च्या दशकात मायलेज वाढवायला कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालायला लागले. बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला, तो घसरायला लागला. मग 1998 मध्ये जपानने बाइकसाठी ‘जासो’ मानक आणलं. गिअरच्या बाइकसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ बघायचं ते यासाठी. ‘एमबी’ हे क्लच तेलात नसलेल्या स्कूटरसाठी. फिल्टरचंही तसंच. काही बाइकना कागदी फिल्टर असतो, तर स्प्लेंडरसारख्या इंजिनात जाळी आणि गरगर फिरून घाण बाजूला फेकणारा फिल्टर असतो. विकत घेण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा.

इथवरची प्रत्येक पायरी काळाबरोबर सुधारली. शेवटची मात्र तिथेच राहिली आहे. काढलेलं ऑइल जातं कुठे? कुणी वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावतं, कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना, आणि बरेच जण सरळ गटारात ओततात. शंभर वर्षांपूर्वी ते थेंबाथेंबाने रस्त्यावर पडायचं, आपण ते आधी नीट गोळा करतो आणि मग एकदम ओततो. त्यात आता जड धातू आणि रसायनं आहेत. आपल्या कायद्यात वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. 1 एप्रिल 2024 पासून तर त्याचा ठराविक हिस्सा पुनर्प्रक्रियेला जाईल हे बघण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. ते करण्यासारखंही आहे, कारण तेल स्वतः फारसं संपत नाही, त्यातली रसायनं संपतात आणि घाण साठते. ऊर्ध्वपातन करून त्यातून पुन्हा चांगलं मूळ तेल काढता येतं.

पण घरी काढलेलं लिटरभर ऑइल त्या साखळीत आपोआप जात नाही. ते आपणच पोचवायचं. नव्या ऑइलचा रिकामा डबा फेकू नका, त्यातच जुनं भरा, झाकण घट्ट लावा, वर ‘जुनं ऑइल’ लिहा. मग जवळच्या एक-दोन गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारा: “दादा, तुमचा जुन्या ऑइलचा ड्रम कोण नेतं?” अधिकृत रिसायकलर नेत असेल तर आपला डबा तिथे द्या. नसेल तर पुढच्या गॅरेजला विचारा. उत्तर मिळालं की कमेंटमध्ये गावाच्या नावासकट नक्की लिहा, म्हणजे तिथल्या बाकीच्यांनाही कळेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.