जुन्या मोटारसायकलची गळकी टाकी

कफ परेडच्या मच्छीमार नगरात समुद्रावरून येणारा वारा बाराही महिने खारट असतो. घरे एकमेकांना लागून, गल्ल्या अरुंद. मोटारसायकल उभी करायची तर ती कुणाच्या तरी दाराशीच उभी राहते. त्यामुळे जुन्या गाडीच्या टाकीतून पेट्रोल ठिबकू लागले की तो एकट्या गाडीमालकाचा प्रश्न राहत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, उंबरठा ओलांडून आत येते आणि शेगडीपर्यंत किंवा देवापुढच्या समईपर्यंत पोहोचते. गिरगाव-लालबागच्या चाळींत जिन्याखाली लावलेल्या गाड्यांची स्थिती याहून वाईट म्हटली पाहिजे, कारण तिथे बाहेर पडण्याची वाटच त्या गाडीवरून जाते.

म्हणून पेट्रोलचा वास आल्यावर पहिले काम दुरुस्तीचे नसते. कॉक बंद करावा, इंजिन सुरू न करता गाडी ढकलत मोकळ्या जागी न्यावी आणि किल्ली लावून दिवे किंवा हॉर्न तपासण्याचा मोह टाळावा. सांडलेल्या पेट्रोलवर कोरडी वाळू टाकावी. पाण्याने धुतल्यास पेट्रोल पाण्यावर तरंगत गटारात उतरते आणि तिथून पुढे जाते. पेट घेतलेल्या पेट्रोलवर पाणी ओतल्यास आगच पसरते. आग लागलीच तर अग्निशमन दलाचा क्रमांक १०१ आहे.

गळती नेमकी कुठली, हे ठरवण्यात बहुतेकांची फसगत होते. टाकीखाली थेंब दिसला की टाकीला भोक पडले असे मानले जाते. प्रत्यक्षात पेट्रोल पातळ असते, ते सांध्याच्या कडेने वाहत जाते आणि सर्वांत खालच्या बिंदूवरून टपकते. थेंब जिथे पडतो तिथे दोष असेलच असे नाही. यामाहा आरएक्स १००, येझदी, राजदूत किंवा हीरो होंडाच्या जुन्या गाड्या घेतल्या तर टाकीपासून इंजिनापर्यंत गळतीच्या जागा अनेक आहेत : झाकणाचा रबरी वॉशर, टाकीचा सांधा, कॉक जिथे बसतो तिथले गॅस्केट, खुद्द कॉक, रबरी नळी आणि शेवटी कार्ब्युरेटर.

निदानाची सोपी पद्धत अशी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टाकीचा खालचा भाग, कॉक, नळी आणि कार्ब्युरेटर कापडाने कोरडे पुसून घ्यावेत. त्यावर खडूची बारीक पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी आणि खाली वर्तमानपत्राचा कागद पसरावा. कॉक बंद ठेवून अर्धा तास थांबावे. या काळात थेंब पडला नाही, पण कॉक उघडताच पडू लागला, तर दोष कॉकच्या पुढे, म्हणजे नळीत किंवा कार्ब्युरेटरमध्ये आहे. कॉक बंद असतानाही पूड ओली झाली, तर दोष कॉकच्या बसणीत किंवा टाकीत. पुडीवर ओल सर्वांत आधी आणि सर्वांत उंच जिथे दिसते, ती गळतीची खरी जागा. टाकी काठोकाठ भरल्यावर किंवा गाडी बाजूच्या स्टँडवर कलल्यावरच पेट्रोल झिरपत असेल, तर झाकणाचा वॉशर आधी पाहावा. तो बदलून काम भागते.

कार्ब्युरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल वाहणे हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. आतला फ्लोट वर आला की सुईसारखी झडप पेट्रोलची वाट बंद करते. तिच्या टोकाशी कचरा अडकला की वाट उघडी राहते. मेकॅनिक कार्ब्युरेटरवर पान्याने हलकेच टकटक करतो, कचरा सुटतो आणि गळती थांबते. मात्र कचरा तपकिरी आणि कणीदार असेल, तर तो टाकीतला गंज आहे. कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ केला तरी महिन्याभरात तीच तक्रार परत येते, याचे कारण हेच. आज झडप अडवणारा गंज उद्या पत्र्याला भोक पाडणार असतो.

टाकी बाहेरच्या खाऱ्या वाऱ्याने सडते, हा समज अर्धाच खरा आहे. बाहेरून रंगाचे संरक्षण असते. घात बहुधा आतून होतो. अर्धवट भरलेल्या टाकीच्या रिकाम्या भागात दमट हवा शिरते, रात्री तिचे पाणी होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाच्या सांध्याशी साचते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. जून आणि जुलैत मासेमारी बंद असताना ज्या घरातली गाडीही उभीच राहते, तिथे हा प्रकार जोरात चालतो. त्यात इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते. ते मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. वीस-तीस वर्षांच्या गाडीची मूळ नळी अजून शाबूत दिसत असली तरी ती बदलणेच योग्य.

टाकीच फुटली आहे असे ठरले तर ती उतरवून, रिकामी करून, तळ नीट पाहावा. प्रकाशासाठी विजेरीच वापरावी. सांध्याजवळ रंगाला फोड आले असतील तर टोकदार पेचकसाने हलके दाबून पाहावे. पत्रा टणक लागला आणि भोक एकच असेल, तर दुरुस्तीत अर्थ आहे. पत्रा दबला किंवा शेजारी आणखी छिद्रे उघडी पडली, तर ती टाकी संपली. दुसरी टाकी शोधण्यात शहाणपण आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने टाकीत हवा भरून गळती शोधणे मात्र टाळावे. पातळ पत्रा त्या दाबाने फुगतो आणि चांगला सांधाही उकलतो.

तात्पुरत्या उपायांत अंगाचा कोरडा साबण भोकावर घासणे हा रस्त्यावरचा जुना इलाज. साबण पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून गॅरेजपर्यंत गाडी ढकलत नेण्याइतका वेळ मिळतो. एम-सीलसारखे लांबण ओल्या पत्र्यावर धरत नाही. रंग खरवडून, पत्रा कोरडा करून लावल्यास काही दिवस टिकते. पण आतला गंज तसाच राहतो, आणि लांबणाच्या शेजारून गळती पुन्हा डोके वर काढते.

पक्के काम म्हणजे पितळेचा डाग, अर्थात ब्रेझिंग. येथे एक गैरसमज जिवावर बेततो. टाकी रिकामी केली म्हणजे धोका टळला असे वाटते. वस्तुतः पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण तयार होते. गंजाच्या थरात आणि सांध्याच्या घडीत मुरलेले पेट्रोल धुतल्यानंतरही वाफ सोडत राहते. जाणकार कारागीर टाकी गरम पाणी व साबणाने पुन्हापुन्हा धुतो, उघडी ठेवून वाळवतो आणि डाग देताना दुरुस्तीची जागा वर ठेवून बाकी टाकी पाण्याने भरतो. एवढे न करता थेट ज्योत लावायला निघालेल्या कारागिराकडून टाकी परत घ्यावी. हे काम घरी किंवा गल्लीत करण्याचे नाही.

डाग देण्यापूर्वी आतला गंज काढावा लागतो. कॉकचे भोक बंद करून टाकीत व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचे पाणी भरून एक-दोन दिवस ठेवतात. मूठभर नट टाकून टाकी हलवल्यास पपडी सुटते. संडास साफ करण्याचे तीव्र ॲसिड वापरू नये, ते चांगला पत्राही खाते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून टाकी लगेच उन्हात वाळवावी आणि डाग लवकर देऊन घ्यावा. समुद्राकाठच्या दमट हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांत नवा गंज धरतो, म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर, दुपारी करणे बरे. आतून एपॉक्सीचे अस्तर द्यायचे असल्यास ते डाग दिल्यानंतर द्यावे, आणि इथेनॉल सोसणारेच घ्यावे. अन्यथा त्याचे सुटलेले तुकडे कॉकची जाळी बुजवतात.

टाकी चढवताना कॉकचे गॅस्केट, झाकणाचा वॉशर आणि नळी नवीन घालावी, नळीत छोटा फिल्टर बसवावा. प्रथम दोन लिटरच पेट्रोल भरून गाडी घरांपासून दूर, खाली कागद पसरून रात्रभर उभी करावी. पेट्रोल उडून गेले तरी कागदावर त्याचे वलय राहते. सकाळी वलय दिसले नाही, तरच टाकी वरपर्यंत भरून हीच तपासणी पुन्हा करावी.