आजोबांची बंदूक माळ्यावर आहे? परवाना कोणाच्या नावावर, ते आधी बघा

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, थेट वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये गोळीबार झाला. द्वारली गावच्या जमिनीच्या वादातून कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. आमदारांना अटक झाली. शस्त्र मात्र परवान्याचं होतं.

परवाना म्हणजे शस्त्र बाळगायची मुभा, भांडणात काढायची नव्हे. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत तो पोलीस आयुक्त देतात, मुरबाड-शहापूरकडे जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षं आहे.

गावाकडची अडचण वेगळीच. शेतराखणीची जुनी ठासणीची बंदूक घरात असते, पण परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. आजोबा गेले की ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. ठेवायचीच असेल तर वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. 'पडून आहे, कोण वापरतंय' हे चालत नाही. विनापरवाना बंदूक नुसती बाळगली तरी २ ते ५ वर्षं कैद होऊ शकते. गावठी कट्टा घेणाराही यातच अडकतो.

आणि परवाना असला तरी शेतातलं डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

हळदीत, वरातीत हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.