हक्स्ले : दलील मागणारा मास्तर

थॉमस हेन्री हक्स्लेचे नाव निघाले की पाठोपाठ ऑक्सफर्डचा किस्सा निघतोच. ३० जून १८६०. भरगच्च सभा. बिशप विल्बरफोर्स विचारतो, माकडाशी तुमचे नाते आजोबांकडून की आजीकडून? हक्स्ले उठतो आणि असा काही जबाब देतो की बिशपची बोलती बंद होते. विज्ञान जिंकते, मजहब हरतो. किस्सा खतम.

हा किस्सा हक्स्लेच्याच कसोटीवर घासून पाहावा, असे आम्हाला वाटते. त्या दिवशीच्या भाषणांची शब्दशः नोंद कोणी ठेवलेली नाही. लोकांच्या तोंडी असलेले संवाद बरेचसे नंतरच्या आठवणींतून आले आहेत. डार्विन आजारी असल्याने सभेला नव्हता. हजर असलेल्या हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला दोनच दिवसांनी कळवले की, हक्स्लेचा आवाज सभागृहात नीट पोचला नाही, बिशपला खरे उत्तर दिले ते आपण. स्वतः हक्स्लेने त्याच वर्षी एका पत्रात आपला जबाब सांगितला आहे. बुद्धी आणि वजन असूनही गंभीर चर्चेत टिंगल आणणाऱ्या माणसापेक्षा माकड आजोबा परवडला, असा त्याचा आशय. जबाब झणझणीत आहे, पण त्याने उत्क्रांती सिद्ध होत नाही. जाता जाता एक सांगतो. त्या सभेत सुरुवातीला जो निबंध वाचला गेला, त्याचा लेखक होता ड्रेपर. याच ड्रेपरचे मजहब आणि विज्ञान यांच्या संघर्षावरचे पुढचे पुस्तक मौलाना जफर अली खान यांनी उर्दूत आणले. ऑक्सफर्डच्या त्या दुपारचा एक धागा उर्दू वाचकाच्या कपाटापर्यंत असा पोचला आहे.

हक्स्ले आम्हाला जवळचा वाटतो तो या सभेमुळे नव्हे, तर तो हाडाचा मास्तर होता म्हणून. ४ मे १८२५ रोजी लंडनजवळच्या ईलिंगमध्ये एका खाटकाच्या दुकानावरच्या घरात तो जन्मला. बाप गणिताचा शिक्षक. पण शाळाच डबघाईला आली. पोराच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षांची शाळा आली, बाकीचे इल्म त्याने स्वतः मिळवले. वैद्यकी शिकला आणि १८४६ ते १८५० या काळात ‘रॅटलस्नेक’ या आरमारी जहाजावर सहायक सर्जन म्हणून ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या समुद्रात फिरला. तिथे जेलीफिश पकडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसे. त्या कामामुळे २६ व्या वर्षी रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली, पण कायमची नोकरी मिळायला १८५४ उजाडले. बी.एड. होऊन जाहिरातीची वाट पाहणाऱ्या आमच्या तरुणांना ही वर्षे वेगळी समजावून सांगायला नकोत.

१८५९ च्या नोव्हेंबरात डार्विनचे पुस्तक आले. हक्स्लेने त्याची बाजू अशी लढवली की लोक त्याला डार्विनचा बुलडॉग म्हणू लागले. पण बुलडॉग मालकाचे सगळेच मान्य करतो. हक्स्लेने तसे केले नाही. सजीव बदलत आले, हे त्याला पटले होते. नैसर्गिक निवडीबद्दल मात्र तो म्हणत राहिला की, एका जातीपासून निवडून पैदास केलेल्या दोन वाणांचा आपसात संकर होईनासा झाल्याचे अजून कोणी दाखवलेले नाही; तोवर पुरावा अपुरा आहे. मित्राच्या सिद्धांताकडेही दलील मागायची, ही त्याची रीत.

ही रीत त्याच्या स्वतःवर उलटली तेव्हा काय झाले? १८६८ साली नॉरिचमध्ये त्याने कामगारांपुढे खडूच्या तुकड्यावर व्याख्यान दिले. सुताराच्या खिशातला खडू म्हणजे समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांची कवचे, हे सांगत तो श्रोत्यांना पृथ्वीच्या जुन्या काळात घेऊन गेला. (आमच्या फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, त्यात ही कवचे सापडायची नाहीत.) त्याच वर्षी अटलांटिकच्या तळाच्या जपून ठेवलेल्या चिखलात त्याला एक चिकट पदार्थ दिसला. हा अगदी आद्य जीव असावा, असे मानून त्याने त्याला ‘बॅथिबियस’ नाव दिले. पुढे ‘चॅलेंजर’ जहाजावरच्या संशोधकांना आढळले की, नमुना टिकवण्यासाठी घातलेल्या अल्कोहोलमुळे समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम सल्फेटचा साका बसतो, तोच हा ‘जीव’. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्समच! हक्स्लेने १८७५ मध्ये आपली चूक जाहीरपणे कबूल केली. ऑक्सफर्डच्या किश्शापेक्षा ही हकीकत वर्गात सांगण्यासारखी आहे.

श्रद्धेच्या बाबतीतही हेच. सप्टेंबर १८६० मध्ये त्याचा जवळपास चार वर्षांचा मुलगा नोएल स्कार्लेट तापाने गेला. पाद्री किंग्जलेने सांत्वनाचे पत्र लिहिले. हक्स्लेने उत्तर दिले, त्याचा मतलब असा की, एखादी गोष्ट दिलासा देते एवढ्यावरून मी ती खरी मानणार नाही. १८६९ मध्ये त्याने या भूमिकेला जो शब्द घडवला, त्याला मराठीत अज्ञेयवादी म्हणतात आणि उर्दूत ‘लाअद्री’. ‘ला अद्री’, म्हणजे ‘मला माहीत नाही’. आमच्या जुन्या आलिमांत हे म्हणणे अर्धे इल्म समजले जाई. हक्स्लेचा निष्कर्ष आमचा नाही. ही सचोटी मात्र आम्हाला परकी वाटत नाही.

आणि तरी तो आपल्या काळातून सुटला नाही. १८६५ च्या एका लेखात गुलामगिरी संपल्याचे स्वागत करतानाच त्याने काळ्या माणसाला बुद्धीने कमी ठरवले. दलील मागणाऱ्याने इथे दलील मागितली नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील हक्स्लेच्या नावाच्या इमारतीचे नाव बदलावे, अशी शिफारस तिथल्या इतिहास-गटाने २०२१ मध्ये केली, ती याच कारणाने. १८९३ च्या ऑक्सफर्ड व्याख्यानात मात्र त्याने सांगितले की, जगण्याच्या झुंजीचा कायदा समाजाचा कायदा होऊ शकत नाही. त्याच व्याख्यानात तो कर्मसिद्धांत आणि बुद्ध यांच्यावरही बराच बोलला. दोन वर्षांनी, २९ जून १८९५ रोजी तो वारला.

२०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. १८०० हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी पत्र काढून विरोध नोंदवला. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा होता. उर्दू माध्यमात त्याला ‘इर्तिका’ म्हणतात. अनेक वर्गांत तो वाचून दाखवला जातो, प्रश्नोत्तरे उतरवून घेतली जातात आणि तास संपतो. कोणी मुलगा उठून विचारतो, “सर, हे खरे आहे का?” तेव्हा “परीक्षेपुरते लिही” असे उत्तर मिळते.

हक्स्लेने या दुखण्यावर इलाज शोधला होता. १८७० मध्ये तो लंडनच्या स्कूल बोर्डावर निवडून आला. पुस्तकातून पाठ करून शिकवणारे शिक्षक त्याने पाहिले होते. १८७१ च्या उन्हाळ्यात साउथ केन्सिंग्टनमध्ये त्याने शाळाशिक्षकांसाठी वर्ग सुरू केला. सकाळी व्याख्यान, आणि मग मास्तरांनी स्वतः टेबलाशी बसायचे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, चिरफाड करायची, दिसेल ते काढायचे. या वर्गांतून १८७५ मध्ये मार्टिनच्या सोबतीने त्याचे प्रात्यक्षिकाचे पुस्तक निघाले. त्यात यीस्टपासून सुरुवात होते आणि शेवटी बेडूक येतो.