वेगाचा गुन्हा आणि परवान्यावरील शेरा : मोटार कायद्यातील विस्मरणाचा इतिहास
(कर्जत-खालापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव हे गाव आहे. भातशेती हा या परिसराचा पूर्वापार व्यवसाय. परंतु त्याच्या जोडीने प्रवासी गाडी, टेम्पो किंवा शाळेची गाडी चालवून उदरनिर्वाह करणारा एक वर्ग येथे स्थिरावला आहे. शेजारच्या खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग जातो. सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. तेव्हापासून या वर्गातील अनेकांचा भाड्याचा प्रवास, पनवेलच्या दिशेने असो की पुण्याच्या, याच मार्गाने होऊ लागला. शेतकऱ्याला जसा सातबारा, तसा या चालकाला परवाना. तो हातून गेला तर उपजीविका गेली.

वेगमर्यादा ओलांडल्यास दंड होतो हे सर्वांस ठाऊक असते. दंड भरल्यानंतर त्या गुन्ह्याची नोंद कोठे राहते, किती काळ राहते आणि ती पुसता येते काय, या प्रश्नांचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, वेगाचा गुन्हा विसरून जाण्याची सोय मोटार कायद्याने आरंभापासून स्वतःच करून ठेवली होती. २०१९ साली ती सोय बऱ्याच अंशी काढून घेण्यात आली. आणि त्याच सुमारास गुन्ह्याची नोंद चालकाच्या परवान्यावरून वाहनाच्या क्रमांकावर सरकली. या दोन घटना परस्परविरोधी दिशांनी घडल्या, हे लक्षात घेतल्याखेरीज आजच्या गोंधळाचा उलगडा होत नाही.

ब्रिटिश वारसा

इंग्लंडमध्ये १८९६ च्या कायद्याने मोटारीची कमाल गती ताशी १४ मैल ठरवली आणि १९०३ च्या मोटार कायद्याने ती ताशी २० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपर्यंत वाढवली. याच १९०३ च्या कायद्याने चालकास परवाना बंधनकारक केला आणि गुन्हा सिद्ध झाल्यास त्याचा तपशील परवान्यावर लिहिण्याचा आदेश न्यायालयांना दिला. यात एक अपवाद होता. केवळ वेगमर्यादा ओलांडल्याचा पहिला व दुसरा गुन्हा असेल तर परवान्यावर शेरा मारला जात नसे. शेऱ्याचा जन्म आणि त्यातून वेगाला दिलेली सूट ही दोन्ही एकाच कलमातील आहेत. मोटारी बाळगणारा वर्ग आणि कायदे करणारा वर्ग त्या काळी बव्हंशी एकच होता, ही गोष्ट येथे नजरेआड करता येत नाही.

हिंदुस्थानात १९१४ चा मोटार वाहन कायदा, त्यानंतर १९३९ चा आणि शेवटी १९८८ चा असा क्रम लागतो. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. १९३९ च्या कायद्यातील शेऱ्याची व्यवस्था त्याने पुढे चालू ठेवली, आणि वेगाच्या गुन्ह्याकडे सौम्य दृष्टीने पाहण्याची वृत्तीही त्यात टिकून राहिली.

एक वर्ष आणि पाच रुपये

१९८८ च्या कायद्याचे कलम २५ या दृष्टीने फार बोलके आहे. परवान्यावर एकदा शेरा बसला की परवाना हरवून दुय्यम प्रत काढली तरी तो शेरा नव्या प्रतीवर उतरवला जातो. म्हणजे जुना परवाना गहाळ करून सुटका होत नाही. परंतु शेरा बसल्यानंतर सलग तीन वर्षे दुसरा शेरा बसला नाही तर जुना परवाना जमा करून आणि पाच रुपये शुल्क भरून कोरा परवाना मिळण्याचा हक्क चालकास प्राप्त होतो. शेरा केवळ वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल असेल तर मात्र तीन वर्षे थांबण्याची गरज नाही. एक वर्ष पुरते. चालक ज्या काळात वाहन चालवण्यास अपात्र ठरवला गेला असेल तो काळ या हिशेबातून वगळला जातो.

परवाना जेव्हा पुस्तिकेच्या रूपात असे तेव्हा या तरतुदीला प्रत्यक्ष अर्थ होता. त्या पुस्तिकेत न्यायालयाच्या शेऱ्यासाठी जागा राखलेली असे आणि गाडीवर चालक ठेवताना मालकाला ती उघडून पाहता येई. कोरे पान ही चालकाची पत होती. कोकणातील लहान गावात नोकरी चालकाच्या ओळखीवर मिळे हे खरे. तरीही परक्या गावच्या मालकासमोर हेच पान साक्ष देई.

पावती, मनीऑर्डर आणि दोषसिद्धी

प्रत्यक्षात शेरा बसण्याची वेळच सहसा येत नसे, कारण त्याआधीच्या दोन वाटा कायद्याने मोकळ्या ठेवल्या होत्या.

पहिली वाट कलम २०० ची, म्हणजे तडजोडीची. लोकभाषेत हिला पावती फाडणे म्हणतात. राज्य शासनाने ठरवलेली तडजोड रक्कम अधिकृत अधिकाऱ्याकडे भरली की त्या गुन्ह्याबाबत पुढील कार्यवाही होत नसे. पुढील कार्यवाही नाही म्हणजे खटला नाही, खटला नाही म्हणजे दोषसिद्धी नाही, आणि दोषसिद्धी नाही म्हणजे शेऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हे साखळीसारखे होते. १९८८ च्या मूळ कलम १८३ नुसार वेगमर्यादा भंगासाठी ४०० रुपयांपर्यंत, आणि पूर्वी दोषी ठरलेला चालक पुन्हा दोषी ठरल्यास १,००० रुपयांपर्यंत दंड होता. परंतु दर वेळी पावती फाडणारा चालक कायद्याच्या नजरेत कधीच पूर्वी दोषी ठरलेला नसे. दहाव्या वेळीही तो पहिलाच. वाढीव दंडाची तरतूद अशा प्रकारे बहुतांशी पुस्तकात राहिली.

दुसरी वाट कलम २०८ ची. प्रकरण न्यायालयात गेलेच तर ज्या गुन्ह्याला कारावासाची शिक्षा नाही त्यात न्यायालयाने समन्सवरच असे नमूद करावयाचे की, आरोपीने ठरावीक तारखेपर्यंत गुन्हा कबूल करून नमूद रक्कम मनीऑर्डरने पाठवावी, म्हणजे त्यास हजर राहण्याचे कारण नाही. अशी रक्कम पाठवणाऱ्यावर पुढील कार्यवाही होत नाही आणि कबुलीच्या कारणावरून त्यास परवान्यासाठी अपात्र ठरवता येत नाही. कडावच्या चालकाला पुणे जिल्ह्यातील न्यायालयाचे समन्स आले तर एका दिवसाचे भाडे बुडवून तेथे जाण्यापेक्षा टपाल कार्यालयात जाणे सोयीचे, हे वेगळे सांगावयास नको. ही तरतूद फारशी कोणाला माहीत नव्हती, हा भाग निराळा.

याशिवाय पुराव्याच्या अंगाने चालकाला काही संरक्षणे होती. कलम १८३ नुसार, गाडी वेगात होती असे एकाच साक्षीदाराचे मत असेल तर तेवढ्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक उपकरणाने केलेल्या मोजमापावर आधारलेले असावे लागते. हाताने घड्याळ धरून अंदाज बांधणाऱ्या शिपायाच्या साक्षीला यामुळे मर्यादा पडली. याच कलमात आणखी एक लक्षणीय पोटकलम आहे. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असे वेळापत्रक मालकाने लावले असेल, तर ते वेळापत्रकच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरते. वेगाच्या मागे चालकाची हौस असतेच असे नाही, मालकाची घाईही असू शकते, याची जाण कायद्याला होती. खासगी प्रवासी बसगाड्यांच्या संदर्भात या पोटकलमाचा वापर अधिक व्हावयास हवा होता.

कलम २०९ अन्वये वेगाच्या गुन्ह्यात चालकाला जागेवरच खटल्याची पूर्वसूचना मिळालेली असावी, किंवा १४ दिवसांच्या आत नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवलेली असावी, किंवा २८ दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे. अन्यथा, चालकाचे नाव-पत्ता वेळेत कळू शकला नाही यांसारखे अपवाद सोडले तर, त्यास दोषी ठरवता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे त्याची दखल सहा महिने उलटल्यानंतर न्यायालयास एरवी घेता येत नसे. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयास होता. पण नियम सहा महिन्यांचाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही मुदत कायम आहे.

२०१९ : विस्मरणाचा शेवट

बदलाची चाहूल २०१५ साली लागली. सर्वोच्च न्यायालयाने न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने त्या वर्षी राज्यांना निर्देश दिले की, वेगमर्यादा भंगासह काही गुन्ह्यांत चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. त्यानंतर २०१९ ची दुरुस्ती आली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून तिच्यातील दंडविषयक तरतुदी लागू झाल्या. हलक्या वाहनासाठी वेगमर्यादा भंगाचा दंड १,००० ते २,००० रुपये, मध्यम व जड वाहनासाठी २,००० ते ४,००० रुपये झाला.

वृत्तपत्रांतील चर्चा या रकमांभोवतीच फिरली. महाराष्ट्राचे तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी दंडाच्या रकमा कमी करण्याची मागणी केंद्राकडे केली. वाढीव तडजोड रकमा राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाल्या. रकमांच्या या वादात कलम २०० मधील दोन परंतुके दुर्लक्षित राहिली. खरे तर चालकाच्या दृष्टीने तीच दुरुस्तीचा गाभा होत. एकाने असे ठरवले की, गुन्हा तडजोडीने मिटवला असला तरी पुढचा गुन्हा हा पुनरावृत्ती आहे काय हे ठरवताना आधीचा गुन्हा घडला होता असेच मानले जाईल. दुसऱ्याने असे ठरवले की, तडजोड केल्याने परवाना जप्तीच्या कार्यवाहीतून सुटका होणार नाही. त्याचबरोबर कलम १८३ मधून पूर्वीच्या दोषसिद्धीची अट गेली आणि दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्यास परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवण्याची तरतूद आली. दहाव्या वेळी पहिलाच ठरण्याची सोय येथे संपली.

पावती फाडली की प्रकरण मिटले, ही समजूत तरीही कायम आहे. पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट खरी होती ती एका परंतुकाने खोटी झाली, हे नाक्यावर उभ्या असलेल्या चालकाला कोण सांगणार?

परवान्यावरून वाहनक्रमांकावर

कायद्याची स्मरणशक्ती अशी वाढत असतानाच नोंदीची जागा बदलली. मुंबईत २०१६ साली ई-चलान सुरू झाले आणि पुढे ही पद्धत राज्यभर पसरली. पूर्वी पोलीस गाडी अडवीत, परवाना मागत. गुन्हा माणसाच्या नावावर पडे. कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही असे नव्हे, पण त्याला वाचता येतो तो क्रमांक. चलान निघते ते वाहनाच्या नोंदणीवर, आणि संदेश जातो तो मालकाच्या भ्रमणध्वनीवर. जुलै २०२४ मध्ये द्रुतगती महामार्गावर वाहतूक नियमनाची कॅमेरा यंत्रणा कार्यान्वित झाली. दोन ठिकाणांमधील सरासरी वेग काढण्याची क्षमता तिच्यात असल्याने कॅमेरा दिसताच ब्रेक दाबण्याची जुनी युक्ती तेथे उपयोगी पडत नाही. (याच कर्जत तालुक्यातील माथेरानमध्ये मोटारींना प्रवेशच नाही, हा योगायोग गमतीचा आहे.)

गाडी कोण चालवीत होते हे सांगण्याचे बंधन कलम १३३ ने मालकावर घातले आहे. चालकाचे नाव, पत्ता व परवान्याचा तपशील मालकाने मागणी होताच द्यावयाचा असतो. माणूस आणि क्रमांक यांना जोडणारा हाच एक पूल आहे. ही मागणी झाली नाही तर पूल वापरला जात नाही. मालक चलान भरतो आणि पगारातून कापून घेतो, किंवा भरतच नाही. पहिल्या प्रकारात चालकाला दंड होतो पण त्याची बाजू मांडण्याची संधी मिळत नाही. वेळापत्रकाची घाई मालकाची होती, हे कलम १८३ मधील म्हणणे तो कोणापुढेही मांडू शकत नाही. दुसऱ्या प्रकारात थकबाकी साचत जाते आणि गाडी पळवणाऱ्याचा परवाना कोराच राहतो. २०१९ च्या परंतुकांना अभिप्रेत असलेला सराईत गुन्हेगार यामुळे बहुधा सापडत नाही.

मुदतींच्या बाबतीतही विसंगती आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवण्यास सांगितले, तर मूळ कायद्याच्या कलम २०९ मध्ये नोटिशीसाठी १४ दिवस आहेत. हा एका दिवसाचा फरक क्षुल्लक वाटेल. वकिलांना तो वाटणार नाही. सहा महिन्यांच्या मुदतीचे तर याहून विचित्र झाले. खटला न भरता मुदत उलटली तरी संगणकातील चलान आपोआप नाहीसे होत नाही. न्यायालयाला ज्याची दखल घेता येत नाही ते यंत्र मागत राहते. २०२१ पासून राज्यात अशी थकीत चलाने दाखलपूर्व प्रकरणे म्हणून राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली जाऊ लागली. लोकअदालतीत तडजोड होते, पण गाडी कोण चालवीत होते याचा निर्णय होत नाही.

चलान अमान्य असेल तर तक्रार नोंदवण्याची सोय वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर आहे आणि न्यायालयाचा मार्गही खुला आहे. कर्जत आणि खालापूर या दोन्ही ठिकाणी न्यायालये असली तरी तेथे जाण्याचा अधिकार व्यवहारात मालकापाशी आहे, कारण संदेश त्यालाच मिळतो. चालक बदलले, गाडी विकली गेली, तरी थकबाकी क्रमांकाला चिकटून राहते. जुन्या गाडीचा सौदा ठरवताना इंजिन आणि टायर पाहण्याच्या आधी भ्रमणध्वनीवर थकीत चलाने तपासण्याची रीत त्यामुळेच पडली असून, ती रक्कम किमतीतून वजा करून मागितली जाते.