बडोद्याचे विद्यापीठ

३० एप्रिल १९४९ रोजी बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सरकारी कागदपत्रांत हयात घालविलेल्या माझ्यासारख्यास या एका दिवसाचे मोल निराळे सांगावयास नको. १८८१ पासूनचे बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. स्वतंत्र विद्यापीठाचा सयाजीरावांचा संकल्प १९३९ साली, त्यांच्या निधनाच्या वेळी, अपुराच होता. तो सिद्धीस नेला नातू प्रतापसिंहरावांनी.

पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. सहशिक्षण असलेल्या भारतीय विद्यापीठाचे कुलगुरुपद स्त्रीकडे येण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. १९५० मध्ये निघालेल्या ललित कला विद्याशाखेस चित्रकार ना. श्री. बेंद्रे लाभले, तेही इंदूरचे, म्हणजे आपल्यासारखेच बृहन्महाराष्ट्रीय! प्राच्यविद्या मंदिराने तर वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सातही कांडांसह प्रसिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताशेजारी मांडावी, अशा तोलाचे ते कार्य आहे.

मराठी राजघराण्याने गुजरातेत उभारलेल्या या विद्यापीठाने शिक्षणाचे माध्यम मात्र इंग्रजी ठेवले. आपल्यापैकी कित्येकांना हे खटकते. मला ते खटकत नाही. परप्रांतीय मुलांना बडोद्याची वाट त्यामुळेच सोपी झाली.