तीस दिवसांची मुदत

१९ जून १९६०च्या मध्यरात्री, बाराच्या ठोक्याला, जपान-अमेरिका सुरक्षा कराराला जपानी संसदेची मंजुरी मिळाली. त्या क्षणी कुणी मत दिले नाही, की भाषण केले नाही. मुदत संपली, एवढेच. तोवर एक विद्यार्थिनी जिवानिशी गेली होती, अमेरिकेच्या अध्यक्षांचा दौरा बारगळला होता आणि पंतप्रधान नोबुसुके किशी यांची खुर्ची गेल्यात जमा होती.

मुदत राज्यघटनेतली होती. १९४७ साली लागू झालेल्या या घटनेच्या कलम ६१नुसार, कनिष्ठ सभागृहाने संमत केलेल्या करारावर वरिष्ठ सभागृहाने ३० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर कनिष्ठ सभागृहाचा निर्णय हाच संसदेचा निर्णय ठरतो. किशींना ही घटना बदलायची होती. तूर्तास त्यांनी तिचा उपयोग केला. १९ जूनला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर टोकियोत उतरणार होते. तिथून ३० दिवस मागे मोजले की २० मे येत होता.

१९ मे, रात्री १०
कनिष्ठ सभागृहाच्या विशेष समितीने गोंधळातच करारावरची चर्चा गुंडाळली. अधिवेशन २६ मेला संपणार होते. ते वाढवले नाही तर ३० दिवस बसत नव्हते. म्हणजे आधी मुदतवाढ, मग करार.

रात्री ११ नंतर
बैठक रोखण्यासाठी विरोधी समाजवादी खासदार आणि त्यांचे सहायक सभापतींच्या दालनाबाहेर ठिय्या देऊन बसले होते. सभापतींनी ५०० पोलीस संसद भवनात बोलावले. पोलिसांनी खासदारांना एकेक करून उचलले.

रात्री ११.५०च्या सुमारास
सभापती इचिरो कियोसे ७५ वर्षांचे होते. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात ते युद्धकाळातले पंतप्रधान जनरल तोजो यांचे वकील होते. रक्षकांच्या कड्यातून रेटत त्यांना आसनापर्यंत पोहोचवण्यात आले. ध्वनिक्षेपक हातात घट्ट धरून त्यांनी ५० दिवसांची मुदतवाढ जाहीर केली.

२० मे, रात्री १२.०६च्या सुमारास
तारीख बदलताच नवी बैठक सुरू झाली आणि काही मिनिटांत करार संमत झाला. विरोधी बाके रिकामी होती. सत्ताधारी पक्षातल्या अनेकांना करार त्याच रात्री मताला येणार याची कल्पना नव्हती. माजी पंतप्रधान तांझान इशिबाशी आणि पक्षाचे नेते ताकेओ मिकी व इचिरो कोनो मतदानात नव्हते. पहिला इशारा स्वतःच्याच पक्षातून आला होता.

३० दिवसांची मोजणी सुरू झाली.

२८ मे
कराराविरुद्ध संसदेभोवती रोज मोर्चे येत होते. किशी पत्रकारांना म्हणाले की आपल्याला न बोलणाऱ्यांचा आवाजही ऐकायला हवा. कोराकुएन स्टेडियम तर बेसबॉल पाहणाऱ्यांनी भरलेले आहे.

१० जून, दुपार
आयझेनहॉवर यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स हॅगर्टी दौऱ्याच्या तयारीसाठी हानेदा विमानतळावर उतरले. राजदूत डग्लस मॅकआर्थर (दुसरे) गाडीत सोबत होते. जमावाने गाडी घेरली. अखेर अमेरिकी मरीन दलाच्या हेलिकॉप्टरने त्यांना बाहेर काढले. अध्यक्षांच्या आगमनाला नऊ दिवस उरले होते. दौरा कायम राहिला.

१५ जून, संध्याकाळी ५.१५च्या सुमारास
शिंगेकी म्हणजे आधुनिक रंगभूमीवरचे नट, नट्या, दिग्दर्शक संसदेजवळून मोर्चाने चालले होते. उजव्या गटाच्या लोकांनी त्यांच्या रांगांत ट्रक घातला आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी मारहाण सुरू केली. जखमींत स्त्रिया बऱ्याच होत्या. पोलिसांनी वेळेत रोखले नाही, अशी तक्रार लगेच उठली. बातमी संसदेबाहेर जमलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली.

संध्याकाळी ५.३० नंतर
संसदेच्या आवाराचा दक्षिण दरवाजा पोलिसांनी आतून ट्रक उभे करून अडवला होता. विद्यार्थ्यांनी ट्रकना दोर बांधले आणि ओढून वाट काढली.

संध्याकाळी ७ नंतर
विद्यार्थी आवारात शिरले. पोलीस त्यांच्यावर चालून आले. त्या रेट्यात टोकियो विद्यापीठाची विद्यार्थिनी मिचिको कानबा मरण पावली. वय २२. पोलीस म्हणाले, चेंगराचेंगरी. विद्यार्थी म्हणाले, पोलिसांनी मारले. हा वाद मिटला नाही.

१६ जून, रात्री १ नंतर
अश्रुधूर सोडण्यात आला. पोलिसांचे ट्रक जळत होते. रेडिओ कांतोचा वार्ताहर घटनास्थळावरून थेट बोलत होता. बोलता बोलताच त्याला पोलिसांचा मार बसला, आणि तोही ऐकणाऱ्यांच्या कानांवर गेला.

१६ जून, दुपार
आयझेनहॉवर मनिलापर्यंत आले होते. जपान सरकारने त्यांना दौरा पुढे ढकलण्याची विनंती केली. ज्या तारखेसाठी ३० दिवस उलटे मोजले होते, तीच तारीख निकामी झाली. मोजणी थांबली नाही.

त्याच सुमारास किशींनी स्वसंरक्षण दल रस्त्यावर उतरवण्याबद्दल संरक्षण विभागाचे प्रमुख मुनेनोरी आकागी यांना विचारले. आकागींनी नकार दिला. त्या महिन्यात वेळेवर घेतला गेलेला हा बहुधा एकमेव निर्णय.

१८ जून, रात्र
आयोजकांच्या मोजणीनुसार ३ लाख ३० हजार माणसे संसदेभोवती बसली होती. टोकियोच्या पोलीसप्रमुखांनी किशींना निवासस्थान सोडायला सांगितले. सुरक्षेची हमी देता येत नव्हती. दुसरीकडे तरी कुठे सुरक्षित आहे, असे म्हणून किशी थांबले. सोबत धाकटे भाऊ, अर्थमंत्री एईसाकु सातो होते. दोघे भाऊ ब्रँडी पीत बसले. बाहेरच्या घोषणा आत ऐकू येत होत्या.

१९ जून, रात्री १२.००
करार मंजूर.

२३ जूनला मंजुरीपत्रांची देवाणघेवाण झाली. त्याच दिवशी किशींनी राजीनामा जाहीर केला. १४ जुलैला पंतप्रधान निवासातच एका हल्लेखोराने त्यांच्या मांडीत सुरा खुपसला; ते वाचले. १२ ऑक्टोबरला हिबिया सभागृहाच्या मंचावर, भाषण चालू असताना, समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो आसानुमा यांना एका १७ वर्षांच्या मुलाने भोसकले. ते वाचले नाहीत.

करार आजही लागू आहे. त्याच्या मंजुरीवर वरिष्ठ सभागृहाचे मत कधीच पडले नाही.