ऊददानापासून गिंबलपर्यंत

आमच्या धाराशिव जिल्ह्यात लग्नाचे शूटिंग असो की उरुसातला संदल, कॅमेरावाल्या पोराच्या हातात आता गिंबल दिसते. कुणाकडे अंगात घालायचे जाकीट, त्याला जोडलेला स्प्रिंगचा हात आणि त्यावर कॅमेरा असा पूर्ण सरंजामही असतो. तरी चित्र हिंदकळते. का हिंदकळते, हे या यंत्राचा इतिहास पाहिला की कळते.

गिंबल म्हणजे एकात एक बसवलेली, आपापल्या आसावर फिरणारी कडी. बाहेरचे कडे कसेही कलले तरी आतली वस्तू सरळ राहते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पितळेचा एक जाळीदार गोळा आहे, त्यावर चांदीचे जडावकाम आहे. तेराव्या शतकात ममलूक अमीर बद्रुद्दीन बैसरीसाठी तो दमास्कसमध्ये घडवला गेला. हे ऊददान आहे. आतल्या कड्यांमध्ये निखाऱ्याची वाटी बसवलेली असल्यामुळे गोळा घरंगळला तरी निखारा सांडत नाही.

एवढे वाचले की 'गिंबलचा शोध मुसलमानांनी लावला' असा मेसेज फिरायला वेळ लागत नाही. तो खरा नाही. चीनमध्ये डिंग हुआनने असे धूपपात्र त्याच्या हजारभर वर्षे आधी केल्याची नोंद आहे. युरोपात या रचनेला सोळाव्या शतकातल्या कार्दानोचे नाव चिकटले, पण शोध त्याचाही नव्हता. दमास्कसच्या कारागिराने आलेली विद्या घेतली आणि देखणी करून पुढे दिली. मला त्यात अभिमानाला पुरेशी जागा दिसते.

पुढे याच कड्यांनी जहाजावरचे होकायंत्र सरळ ठेवले. १९७० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउनने त्यांना स्प्रिंगचा हात आणि जाकीट जोडून स्टेडीकॅम तयार केला. १९७६ च्या 'बाउंड फॉर ग्लोरी' चित्रपटात तो स्वतः कॅमेरा घेऊन क्रेनवरून उतरला आणि गर्दीतून चालत गेला. १९७८ मध्ये या यंत्राला ऑस्कर मिळाले. पण यंत्र विकून भागले नाही. ब्राउनला कार्यशाळा घेऊन लोकांना चालायला शिकवावे लागले.

कारण गिंबल फक्त कलणे थांबवते. पावलागणिक होणारी वर-खाली उसळी ते थांबवत नाही. ती काही प्रमाणात स्प्रिंगचा हात झेलतो, बाकीची गुडघ्यांना झेलावी लागते. वजन कमरेवर, पाठ ताठ, कॅमेरा अंगाजवळ, गुडघे किंचित सैल, टाचेपासून बोटांपर्यंत हळूच टेकणारे पाऊल. दांडा मुठीत आवळायचा नाही, बोटांनी नुसता सांभाळायचा. खालची बाजू वरच्यापेक्षा थोडीशीच जड ठेवायची. फार जड झाली तर निघताना आणि थांबताना झोका बसतो. सराव साधा आहे: जमिनीवर सरळ रेघ आखा, समोरच्या भिंतीवर खूण करा आणि ती खूण चौकटीच्या मध्यातून न हलवता चाला. आमच्या दुष्काळी भागात डोक्यावर भरलेली घागर घेऊन मैलभर जाणाऱ्या बाईला यातले बरेचसे सांगावे लागणार नाही.

हे शिकण्याची गरज लग्नापुरती नाही. नळदुर्गात दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळताना त्याचे कितीतरी रील येतात, पण त्या हिसक्यांत बांधकाम दिसतच नाही. जिना उतरून सज्जापर्यंत एका सलग, शांत चालीत कुणी चित्रण केले, तर ज्यांचे गुडघे तो जिना उतरू शकत नाहीत त्यांनाही तो वारसा पाहता येईल.

ते करू शकणारी पोरे आपल्याच गल्लीत आहेत. लग्नाच्या बिलात आपण कॅमेऱ्याचे भाडे मोजतो, पोराच्या चालण्याचे काही धरत नाही. दमास्कसच्या त्या गोळ्यावर अमीराचे नाव कोरलेले आहे. आपल्याकडच्या हुनरमंदाचे नाव आणि दाम तरी आपण लिहून ठेवू या.